याची नोंद घ्यावी

घटस्फोटाचा विषय आमच्या घरात निघाला आणि पंधरवड्यातच आमच्या मेसेजची भाषा बदलली. "येताना कोथिंबीर आण", "उशीर होतोय, जेवून घे" एवढेच अकरा वर्षे लिहीत आलेल्या माणसाने एका सकाळी मला लिहिले, "दि. 12 रोजी कोणतीही पूर्वसूचना न देता मुलीस आजोळी नेण्यात आले, याची नोंद घ्यावी." त्या वाक्यातून 'तू' निघून गेले होते. मीही वेगळे काही केले नाही. उत्तराचा मसुदा आधी वकीलबाईंना दाखवला, त्यांनी दोन शब्द बदलून दिले, आणि मगच तो शेजारच्या खोलीत बसलेल्या नवऱ्याला पाठवला. एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसून आम्ही दोघे, ज्यांना अजून पाहिलेही नव्हते अशा न्यायाधीशांना पत्रे लिहीत होतो. त्याआधीची आमची भांडणे मोठ्या आवाजातली आणि कित्येकदा लागट असत, परंतु निदान ती एकमेकांशी होती.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जोडीदाराच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येईल, असा निर्णय दिला, तेव्हा मला ते दिवस आठवले. पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते नाते मोडल्याचेच लक्षण आहे, हे न्यायालयाचे म्हणणे मला पटते. तरीही ज्यांचे नाते अजून काठावर आहे, त्यांच्या प्रत्येक फोनमध्ये आता तिसरा कान असणार, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण आपले बोलणे कुठेतरी साठवले जात आहे अशी शंका असताना "माझे चुकले" हे वाक्य कोणीही उच्चारत नाही. ते कबुलीजबाब ठरण्याची भीती असते.

आमचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली, म्हणजे परस्पर संमतीचा होता. त्यात अर्ज दाखल केल्यानंतर सहा महिने थांबावे लागते. ही मुदत न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. परंतु त्यासाठी समेटाचे प्रयत्न संपलेले असावे लागतात आणि पोटगी, मुलांचा ताबा यांसारखे प्रश्न दोघांनी खरोखर मिटवलेले असावे लागतात. आमचे मिटले नव्हते. त्यामुळे आम्ही थांबलो, आणि आज मला वाटते की ते सहा महिने मिळाले हे बरेच झाले.

कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले, "इथे बोललेले बाहेर जात नाही." आम्ही पुन्हा एकत्र राहावे म्हणून त्यांनी प्रयत्न केला, तो साधला नाही. मग त्यांनी आम्हाला एक शंभरपानी वही करायला सांगितली. सोमवार ते शुक्रवार मुलगी माझ्याकडे आणि शनिवार-रविवार त्याच्याकडे, आणि वही तिच्या दप्तरात. वहीत फक्त मुलीचे लिहायचे, मागचे काही उकरून काढायचे नाही, आणि ते पान कोणीही वकिलाला दाखवायचे नाही. पहिले दोन महिने आम्ही दोघांनीही त्यात सरकारी पावतीसारखे लिहिले: "औषध दिले. गृहपाठ पूर्ण." भांडण करायला जागाच नव्हती, त्यामुळे ते तिथे झाले नाही, पैशांवरून मात्र समुपदेशकांच्या खोलीत चांगलेच झाले, आणि ते व्हायलाच हवे होते.

तिसऱ्या महिन्यातल्या एका सोमवारी मी वही उघडली. त्याच्या बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिले होते, "रात्री ताप 100 होता, सकाळी उतरला. गणिताची वही तुझ्याकडे राहिली आहे का? आणि तुझाही आवाज बसल्यासारखा वाटला फोनवर." मी खाली लिहिले, "हो, माझ्याकडेच आहे. शनिवारी पाठवते. आवाज आता ठीक आहे."

सहा महिन्यांनी, न्यायालयातल्या दुसऱ्या तारखेला आम्ही दोघांनी सह्या केल्या.