तुम्ही विचारलंत म्हणून: १६-१८ असा सेट कसा काय?

जुन्या विम्बल्डनचे टेनिस-निकाल वाचणारे हमखास विचारतात, "१९५३ साली यारोस्लाव्ह ड्रॉब्नीनं बज पॅटीला ८-६, १६-१८, ३-६, ८-६, १२-१० असं हरवलं. आकडे छापताना चुकले का?" आकडे बरोबर आहेत. तेव्हा टायब्रेक, म्हणजे बरोबरीत अडकलेला सेट संपवणारा एक निर्णायक गेम, नव्हता. सेटसाठी किमान सहा गेम हवेत आणि दोन गेमची आघाडीही हवी. ६-६ झालं की ७-६, ७-७, ८-७... कुणीतरी समोरच्याची सर्व्हिस भेदेपर्यंत, म्हणजे तो सर्व्ह करत असलेला गेम जिंकेपर्यंत, हेच चालायचं.

आणि हिरवळीवर तेच तर अवघड. चेंडू गवतावरून घसरत येतो, फार वर येत नाही, कधी खराब टप्पा पडून भलतीकडेच वळतो. म्हणून टप्पा पडू न देता व्हॉली मारणंच शहाणपणाचं. त्या काळी सर्व्ह करताना एक पाय जमिनीवर टेकलेला ठेवावा लागे, उडी चालत नसे. तरीही सर्व्ह केली की खेळाडू थेट नेटकडे धावत सुटे. परतवणाऱ्याच्या हातात लहान तोंडाची लाकडी रॅकेट. फटका मधोमध बसला नाही, तर चेंडू हळू आणि उंच जाई, म्हणजे नेटवरच्याला आयताच. जुने फोटो नीट पाहा: गवत बेसलाइनपासून (कोर्टाच्या मागच्या रेषेपासून) पार नेटच्या दिशेनं झिजलेलं दिसतं. आज बेसलाइनची माती उघडी पडते, पुढचा भाग हिरवाच राहतो.

त्या सामन्यात ९३ गेम झाले, चार तासांहून जास्त वेळ लागला. बाजू बदलताना बसायला खुर्चीही नसे. ती १९७५ साली आली. पॅटी सहा वेळा विजयापासून एका गुणावर होता (मॅच पॉइंट), एकही साधला नाही. एवढं सगळं तिसऱ्याच फेरीत! पुढे पाय दुखावलेला ड्रॉब्नी उपांत्य फेरीत बिगरमानांकित कुर्ट नील्सनकडून हरला. मला त्या पद्धतीत खटकतं ते हेच, की जिंकणाराही पुढच्या सामन्याला धड उरत नसे. १९५४ साली मात्र आपल्या तिसऱ्या अंतिम सामन्यात त्यानं केन रोझवॉलला १३-११, ४-६, ६-२, ९-७ असं हरवून विजेतेपद मिळवलंच. त्याच वर्षी आपल्या रामनाथन कृष्णननं ज्युनिअर गटाचं विजेतेपद पटकावलं.

विम्बल्डनमध्ये टायब्रेक १९७१ साली आला, तोही ८-८ वर. ६-६ वर तो १९७९ पासून. शेवटच्या सेटला तर २०१९ पर्यंत नव्हताच. त्यामुळे १९७१ ते १९७८ मधल्या निकालात ९-८ दिसलं, तर तो सेट टायब्रेकवर सुटला असं समजा. त्याआधी ९-८ वर सेट संपतच नसे.