काळ्या मातीचं आवार: नवतपा ते दिवाळी

यंदाच्या आवाराची नोंद टाकायला उशीर झाला, म्हणून सगळं एकदमच लिहिते. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. जमीन भारी काळी. घरापुढे अंगण, डाव्या हाताला हरळीचा तुकडा, मागे सांदवाडी (परसातली भाज्यांची जागा), विहिरीजवळ संत्र्याची दोन झाडं. विहिरीला होळीपर्यंत पाणीच पाणी, मग रोज दोर लांबत जातो. बागेचे जे सल्ले सगळीकडे फिरतात ते निचऱ्याच्या मातीला आणि मवाळ उन्हाळ्याला धरून असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर, आणि जुलैत चप्पल चिखलात रुतून बसते. त्यामुळे माझ्या आवारात आधी पाण्याची वाट ठरते, झाडं नंतर.

नवतपा

२५ मेला रोहिणी लागली, म्हणजे नवतप्याचे कडक उन्हाचे नऊ दिवस आले, आणि कामाला सुरुवात केली. लोक या दिवसांत बागेकडे पाठ फिरवतात. माझ्या मते वर्षाचं सगळ्यात मोठं काम याच दिवसांत होतं, कारण माती आपण होऊन उघडलेली असते. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. सांदवाडीत हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्यात मी चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत सोडलं. पहिल्या पावसात ते खाली उतरतं आणि खोदकामाचे कष्ट वाचतात. शेणखत मात्र उकंड्यातलं जुनंच हवं. ताज्या शेणाबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) हमखास येते.

दुसरं काम उताराचं. घराच्या भिंतीलगतची माती वर्षभर खाली बसत जाते, आणि मग पागोळ्यांचं पाणी पायाशी तुंबतं. काळ्या मातीत हे फार वाईट. पायाखालची माती एका बाजूने फुगते, दुसरीकडे कोरडीच राहते, आणि भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेतली, एक टोक मुलाच्या हातात दिलं, आणि भिंतीपासून दहा फुटांत सहा इंच उतार निघेल असा मुरूम टाकून ठोकून घेतला. मुरमाच्या कडेला वीतभर खोल नाली, ती सरळ सांदवाडीच्या खालच्या टोकाला. खर्च म्हणाल तर मुरमाच्या एका ट्रॉलीचा.

याच कारणासाठी निंब, वड, पिंपळ घराला चिकटून लावू नका. सावलीसाठी निंब हवाच, पण पश्चिमेला आणि वीसेक फूट लांब. दुपारनंतरचं ऊन तिकडूनच घरात घुसतं, म्हणून सावली तिथे कामाची. मुळं भिंतीजवळ असली की उन्हाळ्यात तिथलं पाणी ओढून घेतात, माती आणखी आक्रसते, आणि दोष गवंड्याच्या माथी येतो.

कूलरबद्दल एक सूचना, कारण दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. टाकीत उरलेलं पाणी कुंड्यांना घालू नका. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यात रोज नवं पाणी ओतत गेलो की टाकीतलं पाणी अधिकाधिक खारट होतं. आपल्या मातीत मुळातच चुनखडी. गुलाबाची कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडू लागली तर आधी ते पाणी बंद करून बघा.

मृग

मृगात पाऊस आला, पण लगेच कुदळ हातात घेतली नाही. ओल्या काळ्या मातीत पाय घातला की तिचे दगड होतात आणि ते दिवाळीपर्यंत फुटत नाहीत. वाफसा (कामाजोगी ओल) आला की नाही हे बघायची माझी रीत साधी आहे: मूठभर माती दाबायची आणि अंगठ्याने टोचायची. भुरभुरली तर काम सुरू. अंगठा फिरवल्यावर तुकतुकीत झाली तर घरात जाऊन चहा करायचा.

हरळी मात्र याच आठवड्यात लावली, कारण गेल्या वर्षीच्या पट्ट्यात कडेला टकलं पडली होती. शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) हरळीच्या मुळ्या आणल्या, बोटभर तुकडे केले, मातीत दाबले. मामाजी ओसरीवर बसून बघत होते. म्हणाले, "आमी जिनगीभर धुऱ्यावरची हरयाळी खोदली, अन् सूनबाई दारात लावून रायली!" सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तुमची हरयाळी तुमच्यानं निघाली का कधी? मंग तिचीबी टिकन." या एका वाक्यात हरळी का निवडली ते सगळं आलं. विकतचं मऊ गालिचागवत उन्हाळ्यात रोज पाणी मागतं आणि आपल्या विहिरीत ते नसतं. हरळी एप्रिलमध्ये पिवळी पडते, मेमध्ये मेल्यासारखी दिसते, आणि पहिल्या सरींत पुन्हा हिरवी होते. उन्हाळ्यात तिला पाणी घालायचंच नाही, हे मनाशी पक्कं करा. पाहुणे काय म्हणतील याचा विचार करायचा असेल तर हरळी तुमच्यासाठी नाही.

ती वाफ्यात घुसते, हे खरं. त्यासाठी कडेला विटा उभ्या पुरल्या आणि विटांच्या पलीकडे चर ठेवला. पावसाळ्यात दर पंधरवड्याला खुरप्याने चर साफ केला की झालं. कापताना दीड-दोन इंच ठेवायची, खरवडून काढायची नाही. आणि निंबाखाली हरळी लावायच्या भानगडीत पडू नका, सावलीत ती तग धरत नाही. तिथे मी शेणाने सारवलेलं मोकळं अंगणच ठेवलं आहे. सडा घातलेलं स्वच्छ अंगण हेही आवाराचं रूपच आहे. प्रत्येक कोपरा हिरवा दिसलाच पाहिजे हा हट्ट मला पटत नाही.

मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर संध्याकाळी दिवेलागणीला निंबाकडे कान द्या. हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून निघून निंब, बाभूळ, बोर यांच्या पानांवर बसतात. खाली जुनी साडी पसरायची, फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत. मुलांना हे काम सांगावं लागत नाही, तीच मागे लागतात. आता चारदोन संध्याकाळी घालवल्या नाहीत तर श्रावणात हरळी सतरंजीसारखी उचलून हातात येते, कारण खाली मूळच उरलेलं नसतं.

आर्द्रा, पुनर्वसू

कुंपणाचं काम. तुराट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) कुड दरवर्षी कुजतो आणि बकऱ्या त्यातून डोकं घालतात. म्हणून कुडाच्या आतून निर्गुडीच्या कांड्या हात-हात अंतरावर खोचल्या. जनावरं निर्गुडीला तोंड लावत नाहीत आणि कांडी भरपावसात फुटते. रोही (नीलगाय) आणि डुकरांना हे कुंपण पुरणार नाही, पण गावाच्या आत आम्हाला भीती बकऱ्यांची आणि माकडांची. माकडांवर माझ्याकडे औषध नाही. पेरूचं झाड मी त्यांच्या नावानेच सोडून दिलं आहे.

संत्र्याच्या दोन्ही झाडांना पावसाआधी बोर्डो मलम लावलं होतं, तेही इथेच नोंदवते. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर हे प्रमाण. घरच्या दोन झाडांना १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर भरपूर होतं. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं. तयार मलमात लोखंडी विळा थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत खोडाला, त्याच दिवशी. डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, येतो तो खोडाशी पाणी साचून. म्हणून आळं दुहेरी करायचं, आतल्या गोलात मातीची भर आणि पाणी फक्त बाहेरच्या गोलात. कलमाचा जोड मातीखाली गेला असेल तर आजच माती उकरून तो उघडा करा.

पुष्य ते मघा

या काळात फक्त निंदण. केना आणि लव्हाळा यांच्याशी लढण्यात अर्थ नाही, जमेल तेवढं काढायचं. गाजरगवत मात्र फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून, कारण अंगाला खाज सुटते. फूल आलेलं उकंड्यावर टाकाल तर पुढच्या वर्षी सगळ्या आवारात तेच. कुंपणाबाहेर मी तरोटा (टाकळा) मुद्दाम वाढू देते. तो दाट झाला की गाजरगवताला जागा मिळत नाही, आणि सुरुवातीच्या कोवळ्या पानांची भाजी होते ती वेगळी. गाजरगवतावर पांढुरक्या पाठीचा, काळ्या रेघांचा छोटा भुंगा दिसला तर त्याला हात लावू नका. तो १९८४ साली मेक्सिकोहून बंगळुरूत मुद्दाम आणून सोडलेला आहे, गाजरगवत खायलाच. त्यावर फवारणी म्हणजे आपल्याच गड्याला हाकलणं.

भिंतीलगत गवत, विटांचा ढीग, सरपण यांपैकी काहीही पावसाळ्यात ठेवू नका. मण्यार तिथेच येते. रात्री बाहेर जाताना बॅटरी हवीच.

हस्त, चित्रा

गुलाबाची छाटणी झाली, शेवंती कुंड्यांत गेली, फार लिहिण्यासारखं नाही. निंबोळ्या जूनमध्ये वेचून सावलीत वाळवून ठेवल्या होत्या, त्या आता कामी येत आहेत. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी पुरचुंडीत बांधून रात्रभर १ लिटर पाण्यात, सकाळी पिळून, गाळून, चिमूटभर धुण्याची पावडर मिसळून फवारायची. पोपटाचे (वालाच्या शेंगांचे) वेल कुडावर चढले आहेत आणि त्यांवर मावा दिसतो आहे, तिथे हे पुरतं. गादीवाफे वीतभर उंच केले आणि त्यांत सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक टाकली. सपाट वाफ्यात परतीच्या पावसाने सांबार कुजतो, उंचावर वाचतो. यंदा हस्त दोनदा धो-धो पडला तरी वाफे टिकले आणि मुरमावरून पाणी नालीत गेलं. भिंतीची जुनी चीर वाढलेली नाही, पेन्सिलची खूण जिथल्या तिथे आहे.

कापूस घरात येऊ लागला आहे, तेव्हा एक आगाऊ सूचना. वेचणी संपली की पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळक्या झाडांची) गंजी जळणासाठी आवारात रचून ठेवायची आपली सवय. बोंडं तशीच लटकलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या हंगामात शेतात जाते. भेंडी आणि जास्वंदही तिला चालतात. जळण हवंच असेल तर बोंडं झोडून काढा आणि पावसाळ्याआधी गंजी संपवा.

सोयाबीनचं थ्रेशर गावात फिरतं आहे. कुटार (मळणीनंतरचा भुसा) आत्ताच मागून ठेवा, लोक खळ्यावरून फुकट नेऊ देतात. मार्चनंतर गोठ्यासाठी तेच विकत घ्यावं लागतं. मी दहा पोती कोपऱ्यात रचली आहेत, खाली तुराट्या घालून, वरून ताडपत्री. संत्र्याच्या आळ्यात आणि गादीवाफ्यांवर चार इंच थर द्यायचा आहे, पण तो थंडी ओसरल्यावर. आत्ता दिला तर खाली उंदीर बिळं करतात.