सोळा दिवस गिटारविना, आणि मिरजेतला एक गंधार

गिटार प्रवासात न्यायची नाही, हे मी गेल्या वर्षीच ठरवलं होतं. एका खासगी बसच्या क्लीनरनं "वर जागा नाही" म्हणत ती माझ्या हातातून घेतली आणि डिकीत ठेवली. मधल्या कुठल्यातरी थांब्यावर तिच्यावर तांदळाची पोती आली. पहाटे उतरून कव्हर उघडलं तर नेकच्या टोकाला, खुंट्या जिथे सुरू होतात तिथे, आडवी चीर. "सामान आपल्या जबाबदारीवर," एवढंच उत्तर मिळालं. दुरुस्तीत दोन महिने गेले. ते आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

त्यामुळे मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला ठरलं आणि सोबतीला सोळा दिवस राहायचं झालं, तेव्हा गिटार ठाण्यातच राहिली. कोयना एक्सप्रेसनं निघाले. दिवसभराचा प्रवास, त्यातला मला कऱ्हाडनंतरचा ऊस तेवढा आठवतो, कारण हात मोकळे होते आणि मला ते मोकळेपण सहन होत नव्हतं. गेली अकरा वर्षं मी रोज वाजवते. ताप असला तरी दहा मिनिटं वाजवते. सोळा दिवस न वाजवणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती, आणि ती साधी आहे असं मला कुणी सांगितलं की वाईट वाटायचं.

दवाखान्यातल्या पाच दिवसांबद्दल एकच सांगते: माणसं फार येतात. मावशीचा गोतावळा मोठा. शहाळी, बिस्किटांचे पुडे, आणि प्रत्येकाच्या ओळखीतल्या कुणाच्यातरी गुडघ्याची हकिकत. माया खरी असते, पण दुखणाऱ्या माणसाला रात्री नऊपर्यंत बोलत ठेवणं बरोबर नाही. हे मी तिथे बोलले नाही, ते बोलायला हवं होतं.

रात्री ती झोपली की मी डोळे मिटून मनात वाजवायचे. हे मी वाचलेलं होतं. १९९५ साली मेंदूशास्त्रज्ञ पास्कुअल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पियानो न येणाऱ्यांना पाच बोटांचा एक धडा दिला, रोज दोन तास, पाच दिवस. काहींनी तो प्रत्यक्ष वाजवला, काहींनी पियानोसमोर बसून फक्त मनात. मेंदूचा बोटं हलवणारा भाग दोघांतही जवळजवळ सारखाच बदलला. मनात वाजवणाऱ्यांचा हात प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांपेक्षा मागे होता, पण नंतर थोडा सराव मिळताच तो फरकही भरून निघाला.

तेव्हा 'जी मेजर' स्केलमधली एक छोटी फिंगरस्टाइल रचना, म्हणजे बोटांनी एकेक तार छेडून वाजवायची, माझ्या हातात बसत आली होती, म्हणजे मला तसं वाटत होतं. मनात वाजवायला घेतली आणि अठराव्या मात्राखंडात, म्हणजे अठराव्या बारमध्ये, थांबले. अनामिका तिसऱ्या फ्रेटवरून (नेकवरच्या आडव्या पट्टीवरून) उचलून कुठे जाते? आठवेना. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथेच. घरी तो भाग मी शेकडो वेळा न अडखळता वाजवला होता. तो हाताला येत होता, मला येत नव्हता. तीन रात्री त्या एका जागेवर गेल्या. चौथ्या रात्री सापडलं: अनामिका जातच नाही कुठे, ती तिथेच दाबलेली राहते आणि करंगळी वरून उतरते. त्या अंधाऱ्या खोलीत मला इतका आनंद झाला की मावशीला उठवून सांगावंसं वाटलं.

सहाव्या दिवशी सांगलीजवळच्या हरिपूरला, मावशीच्या गावी आलो. मावशीचं घर संगमेश्वराच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर. कृष्णेला वारणा मिळते ती तिथेच. कधीकाळी या गावात जमिनीखालच्या पेवांत सांगलीची हळद साठवत. २००५च्या पुरात पुष्कळ पेवं गेली, पण मावशी अजून ती कुठे कुठे होती ते खिडकीतून बोट दाखवून सांगते. शेजारच्या अक्कांकडून रोज दुपारी गरम भाकऱ्या आणि खरडा यायचा, मागितल्याशिवाय. पाहुणचार असावा तर असा, दारातून देऊन परत जाणारा.

इथे दिवसाला शिस्त लागली. मावशीला घोटे वरखाली करायचे, टाच गादीवर सरकवत गुडघा वाकवायचा, मग वॉकर धरून खोलीत चार फेऱ्या. तिच्या व्यायामाला मी फोनवरचा मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक ठेका देणारं यंत्र, लावला, मिनिटाला साठ ठोक्यांवर. ती विसाव्याला बसली की वॉकर माझ्याकडे. त्याची ॲल्युमिनियमची आडवी नळी मुठीत बरीच गिटारच्या नेकसारखी बसते. अंगठा मागे, चार बोटं पुढे. तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी, मग उलटी, मग एक आड एक. टेकवलेलं बोट पुढचं बोट पडेपर्यंत उचलायचं नाही. गिटारवर करंगळी उडते तेव्हा आवाज येतो म्हणून आपण खपवून घेतो. नळीवर आवाजच नाही, त्यामुळे डोळ्यांना फक्त बोट दिसतं, आणि माझी करंगळी दर वेळी दोन इंच हवेत जात होती.

तोंडानं मी स्वर म्हणत होते. दोन दिवसांनी मावशी म्हणाली, "ते टिकटिक बंद कर गं. तू सारेगम म्हण, मी त्यावर वाकवते." तेव्हापासून तिचा गुडघा 'सा'वर सरळ आणि 'प'वर वाकलेला. दुखलं की ती 'म'वर थांबायची आणि मीही तिथेच थांबायचे.

हात असा राहिला. बोटांची टोकं मात्र गेली. नवव्या दिवशी सकाळी भांडी घासत होते. गेले चार दिवस घरातली सगळी भांडी आणि मावशीचे कपडे माझ्याकडे होते. डाव्या तर्जनीच्या टोकाशी काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. पाहिलं तर तारा दाबून दाबून पडलेला घट्टा कडेनं पांढरा होऊन उचलला गेला होता, भिजलेल्या बदामाच्या सालीसारखा. खाली गुलाबी, मऊ कातडी. पाण्यात घट्टे टिकत नाहीत, हे मला माहीत होतं. गिटार शिकवताना मी मुलांना सांगतेसुद्धा की आंघोळीनंतर लगेच वाजवू नका. एटीएम कार्डाची कड बोटांवर दाबत बसायचा उपाय मी रोज करत होते, पण दोन-दोन तास पाण्यात हात असताना त्याचा काय उपयोग? मला रडू आलं. मावशीला ते कांद्याचं वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं.

त्याच दिवशी औषधं आणायला मिरजेला जायचं होतं. वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपनं, गेले. औषधं घेतली आणि पाय सतारमेकर गल्लीकडे वळले. तासभर तरी एखादी जुनीपुराणी गिटार कुणी हातात देईल का, एवढाच विचार होता.

या गल्लीचा इतिहास मिरजेत कुणीही सांगेल. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं इथे तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली. मूळचं घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणारं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गल्लीत शिरलं की यातलं काही आठवत नाही. भिंतीला उलटे टांगलेले भोपळे, तासलेल्या लाकडाचा वास, आणि कुठूनतरी एकाच तारेचा पुन्हा पुन्हा येणारा आवाज.

तो आवाज ज्या दुकानातून येत होता तिथे शिरले. सत्तरीचे चाचा, मांडीवर तंबोरा आडवा. मागे एक गिटार टांगलेली होती, तारा नसलेली. मी तिच्याकडे पाहत होते हे त्यांनी ओळखलं.

"तिच्या खुंट्या गेल्यात. पुण्यास्नं यायच्यात अजून. वाजवता का?"

मी सगळं सांगितलं. मावशी, सोळा दिवस, भांडी. बोट दाखवलं. त्यांनी माझी तर्जनी चष्मा वर करून नीट पाहिली, डॉक्टर पाहतो तशी, आणि म्हणाले, "कातडी येतीय की परत. बसा ताई."

ते जवारी लावत होते, म्हणजे तारेचा आवाज खुलेल अशी बारीक जुळणी करत होते. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, सपाट दिसते पण नसते. तिला अगदी बारीक उतार असतो आणि तार त्या उतारावर घासत थरथरते. तार आणि घोडी यांच्यामध्ये ते एक सुताचा धागा सरकवत होते. नखानं, केसाएवढा. छेडलं: आवाज बोथट. आणखी केसभर: तरी बोथट. मग पुन्हा सरकवला आणि छेडलं, आणि तार उघडली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तोवर एक आवाज होता, आता आवाजाच्या आत आवाज होते.

त्यांनी तंबोरा माझ्या हातात दिला. चारी तारा त्यांनी लावल्या होत्या: पंचम (प), मग जोडाचे दोन षड्ज (सा), मग जाड पितळी खर्ज, म्हणजे खालचा सा. कशा छेडायच्या ते दाखवलं, सावकाश, ओढ न लावता.

"काय ऐकू येतंय?"

"सा. पंचम."

"आणि?"

मी ऐकत राहिले. खर्ज छेडल्यावर क्षणभरानं वर कुठेतरी काहीतरी उमलत होतं. मी कुठेही न लावलेला स्वर.

"गंधार?"

"मग! मी न्हाई लावला. खर्जात असतोयच तो. जवारी चांगली असली की बाहेर येतोय." मग म्हणाले, "म्हणा बघू."

मी गंधार, म्हणजे ग, लावला, जसा अकरा वर्षं गिटारवर ऐकत आले तसा. त्यांनी लगेच मान हलवली. "चढलाय. खाली या."

थोडी उतरले. "अजून." आणखी उतरले. मला वाटलं आता कोमल होईल. आणि एका जागी माझा आवाज मला ऐकू यायचा थांबला. मी म्हणतच होते, पण तो तंबोऱ्यात मिसळून गेला होता. तोवर एक बारीक हेलकावा जाणवत होता, तो पूर्ण निवला. चाचा काही बोलले नाहीत. डोळे मिटून बसले होते.

किती वेळ गेला माहीत नाही. वडापमध्ये बसल्यावर लक्षात आलं की औषधांची पिशवी दुकानातच राहिली. परत जाऊन आणली. त्यांनी ती तंबोऱ्याच्या गवसणीवर नीट ठेवली होती.

हे असं का होतं त्याचं गणित मला माहीत होतं आणि तरी कानाला माहीत नव्हतं. गिटारची पाचवी तार मोकळी सोडली की सेकंदाला ११० कंपनं. चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे बोट नुसतं टेकवून छेडलं की तिच्यातला गंधार बोलतो, बरोबर पाचपट, ५५०. तोच स्वर पहिल्या तारेच्या नवव्या फ्रेटवर दाबून वाजवला तर ५५४च्या थोडा वर. बारा स्वर समान अंतरावर बसवले की गंधार असा चढा राहतो. फ्रेट तसेच ठोकलेले असतात, ट्यूनर, म्हणजे सूर मोजणारं यंत्र, तेच दाखवतो, आणि मी अकरा वर्षं ट्यूनरचा हिरवा दिवा लागला की सूर लागला असं मानत आले. कान लावायचं काम मी त्या दिव्याला देऊन टाकलं होतं. याची मला मनापासून खंत वाटते.

हा प्रश्न ज्या मातीत मला भेटला तिथे तो जुना आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर स्वरांच्या याच नेमक्या मापांच्या मागे लागले. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, इंग्रजीतून पुस्तक काढलं. त्या मोजमापात त्यांना गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार होता. खाँसाहेब पुढे मिरजेचेच झाले. १९३७ साली प्रवासात गेले तेव्हा त्यांना मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आणून दफन केलं. पुढच्या फेरीत मी तिथे जाऊन बसले, अर्धा तास, काहीही न म्हणता.

त्यानंतर चार वेळा चाचांकडे गेले. दर वेळी तोच तंबोरा, दर वेळी एकच स्वर. पैसे विचारले तर रागावले. शेवटच्या दिवशी अक्कांकडचा खरडा आणि सांगलीचं भडंग घेऊन गेले, ते मात्र घेतलं. टांगलेल्या गिटारच्या खुंट्या अजून आल्या नव्हत्या.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी दहा मिनिटांत बोटं चुरचुरायला लागली. अठरावा मात्राखंड पहिल्याच वेळी स्वच्छ आला. करंगळी उडाली नाही. ते झालं आणि मग मी ट्यूनर बंद केला. गिटारच्या शेजारशेजारच्या तारांत सगळीकडे मध्यमाचं (सा ते म) अंतर असतं, फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात गंधाराचं (सा ते ग). तिसरी मोकळी छेडली, तिला षड्ज मानलं, आणि दुसरी हळूहळू उतरवत गेले. खुंटी अगदी नखभर. हेलकावा मंद झाला, मंद झाला, आणि निवला. 'जी' कॉर्ड, म्हणजे तिचे स्वर धरून सगळ्या तारा एकदम, वाजवली. ती माझ्या गिटारवर पूर्वी कधी अशी वाजली नव्हती.

मग 'ई' कॉर्ड वाजवली आणि ती बिघडली, कारण तिथे तीच तार पंचम असते आणि पंचम उतरलेला कानाला खुपतो. एकीला न्याय दिला की दुसरी रुसते. यासाठीच फ्रेट सगळ्यांना थोडे थोडे बेसूर ठेवतात.

मावशीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि ती 'जी मेजर'मधली रचना पूर्ण वाजवली. पलीकडून पलंगाची करकर ऐकू येत होती. संपल्यावर ती म्हणाली, "गुडघा शंभर अंशांपर्यंत वाकला बघ आज. पुन्हा वाजव."

पुन्हा वाजवली. दुसरी तार मी तशीच उतरवलेली ठेवली आहे. 'ई' कॉर्ड सध्या वाजवत नाही.