छत उचललं आणि आत पाहिलं

आज अख्खा रविवार एका इमारतीत गेला. इमारत सहा इंच उंच. परग्रहावरच्या खाणवस्तीतलं पंपघर, आमच्या 'इन्फिनिटी'च्या टेबलासाठी. 'इन्फिनिटी' म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायचा लढाईचा खेळ.

हा स्पॅनिश खेळ 2005 पासूनचा. यात समोरच्याची पाळी असतानाही, त्याचा सैनिक दिसला की आपला गोळी झाडू शकतो. म्हणून चार बाय चार फुटांच्या टेबलावर आडोसे हवेत, भरपूर हवेत. मोकळं मैदान ठेवलं की गच्चीवरचा एक नेमबाज सगळा डाव खातो. इमारती इथे शोभेला नसतातच, निम्मी लढाई त्याच ठरवतात.

पहिली भिंत सकाळीच गेली. थर्माकोलवर थेट स्प्रे मारला आणि त्यातल्या सॉल्व्हंटने ती डोळ्यांदेखत विरघळली. खूप वाईट वाटलं. दुसऱ्या भिंतीला आधी फेविकॉल आणि काळा ॲक्रिलिक मिसळून दोन हात दिले, पूर्ण वाळू दिलं, मग रंग.

दार चार सेंटिमीटरचं कापलं. सैनिक 28 मिलिमीटरचा, पण खालच्या चकतीमुळे उंची वाढते, ती धरावीच लागते. सगळ्यात जास्त जीव लावला तो गंजावर. स्पंजचा तुकडा तपकिरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि फक्त कडांवर टिपायचा. पाइपाच्या जोडाखाली पातळ केलेल्या रंगाचा एक ओघळ सोडला, आणि पुठ्ठा एकदम लोखंड झाला!

संध्याकाळी लेकीने छत उचलून आत पाहिलं. "बाबा, इथे राहतं कोण?"

आता आत एक खाट आणि चहाचं भांडं करायला घेतलंय.