मळ कुठला, पॉलिश कुठलं

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आमच्या घरात दोन गोष्टी होतात. सांजोऱ्यांचा रवा येतो आणि सासूबाईंची नजर स्वयंपाकघरातल्या कपाटांवर जाते. माहेरवाशिणी येणार, आक्का येणार, आणि आक्का आल्या की चहा घेण्याआधी त्यांचं बोट कुठल्यातरी फळीवरून फिरणार. मी अमळनेरला नांदायला आले त्याला तीस वर्षं झाली, ते बोट अजून तसंच आहे.

कपाटं सासऱ्यांनी सुतार घरी बसवून करून घेतलेली. चार दारं वर, चार खाली, पितळी बिजागऱ्या. "सातपुड्याचं सागवान" हे शब्द आक्का इतक्या वेळा बोलल्यात की मलाही ते पाठ झालेत. शेगडीच्या वरच्या दोन दारांवर मात्र सागवान दिसतच नाही, दिसतो तो राप. आमच्याकडे फोडणी म्हणजे फोडणी! काळा मसाला, शेंगदाण्याचं तेल, शेवभाजीची तर्री. हिवाळ्यात भरिताची वांगी मागच्या ओसरीत पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात, तो धूर दार उघडं असलं की सरळ आत. पूर्वी घरात सरकीचंही तेल असायचं. तेलाची वाफ दारावर बसते, हवेने हळूहळू घट्ट होते, आधी चिकट आणि मग मेणचट. सरकीचं तर शेंगदाण्याच्या आधी घट्ट होतं. त्यावर धूळ आणि काजळी बसली की नखाने ओरखडा काढला तरी पिवळी-काळी गुठळी निघते. तेलाशी तर आमच्या गावाचं जुनं नातंच आहे. विप्रो 1945 साली इथेच सुरू झाली, वनस्पती तूप काढायला. संगणक खूप नंतर आले.

गेल्या वर्षी मी घाई केली. बादलीत कढत पाणी, त्यात मूठभर धुण्याचा सोडा, हातात तारेची घासणी. खालच्या डावीकडच्या दारापासून सुरुवात केली. पाच मिनिटांत फडकं लालसर तपकिरी झालं आणि मला आनंदच झाला, म्हटलं बघा किती वर्षांचा मळ निघतोय. सासूबाई दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तो मळ नही व माय, तो रंग शे."

खरंच रंग होता. दार वाळल्यावर मधोमध फिक्कट पांढुरका पट्टा. जुन्या कपाटांवर बहुतेक लाखेचं पॉलिश असतं, चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने चढवलेलं. लाखेला सोडा चालत नाही, अमोनियावाला काच पुसायचा फवारा चालत नाही, स्पिरिट तर नाहीच. आणि तारेच्या घासणीचे बारीक कण लाकडाच्या रेषांत अडकले की सागावर पाण्याने काळे डाग धरतात, ते वेगळंच.

म्हणून या वर्षी आधी पारख केली. दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीपाशी, जिथे कोणी बघणार नाही तिथे कापसाच्या बोळ्यावर थेंबभर स्पिरिट घेऊन टेकवलं. क्षणभरात बोट चिकटलं, बोळ्याला तपकिरी डाग. म्हणजे लाख. मेलामाइन किंवा पीयूचं (पॉलियुरेथेनचं) पॉलिश असतं तर स्पिरिटने त्याला लगेच काही झालं नसतं. ही पारख दोन मिनिटांची आहे, गेल्या वर्षी केली असती तर माझं एक दार वाचलं असतं.

मग सकाळी सहाला कामाला लागले. का सहाला, तर एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा 42-43 ला जातो आणि दहा वाजता साबणाचं पाणी दारावरच वाळून पट्टे उमटवतं. कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विड सोपचे चार थेंब. बस. जुन्या सुती साडीचं फडकं इतकं पिळायचं की त्यातून थेंब पडला नाही पाहिजे. एका वेळी एकच दार, खालून वर पुसत जायचं, नाहीतर वरून ओघळलेल्या पाण्याच्या रेघा खालच्या मळकट भागावर बसतात आणि जात नाहीत. लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसायचं, लगेच साध्या ओल्या फडक्याने साबण काढायचा, लगेच कोरडं करायचं. दारावर पाणी एक मिनिटही राहू द्यायचं नाही. खिडकीशेजारच्या दाराला कूलरच्या दमट हवेने लाखेवर पांढुरकी साय आलीच आहे, तेवढा धडा पुरे.

सासूबाईंनी रिठ्याचं पाणी सुचवलं. तेही करून बघितलं, सौम्य आहे, पण दोन दिवस घर रिठ्याच्या वासाचं. राखेचं मात्र मी नाव काढू दिलं नाही. राखही सोड्यासारखीच खारी, वर खरखरीत.

साबणाने न निघालेल्या गुठळ्यांना टर्पेंटाइन. तेलाचा चिकटा त्यात सुटतो आणि लाख त्यात विरघळत नाही, हीच त्यातली गंमत. फडक्यावर थोडंसं घ्यायचं, दारावर ओतायचं नाही. गॅस बंद, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि वापरलेली फडकी बाहेर पसरून वाळवायची. शेगडीवरच्या दाराच्या कोरीव नक्षीच्या खाचेत जुना टूथब्रश आणि अगरबत्तीची काडी. त्या एका खाचेला मला पाऊण तास लागला, आठ दारांना मिळून दोन दिवस. फडक्यावर सारखं लक्ष ठेवायचं: पिवळट-काळं आलं तर मळ, लालसर आलं की हात तिथेच थांबवायचा.

मुठींभोवतीचा भाग अजूनही मऊ आणि चिकट लागतो. तो मळ नाही, तेलकट हातांनी पॉलिशच नरम पडलंय. तिथे मी सोडून दिलं. आतल्या फळ्यांवर जुने कागद चिकटले होते ते खरवडले नाहीत, ओला कापड टेकवून सोडवले. शेवटी सासूबाई शेंगदाण्याचं तेल चोळायला निघाल्या, चमक येईल म्हणून. म्हटलं आई, हेच तर दोन दिवस काढतोय आपण.

उरलं ते डावीकडचं खालचं दार. पॉलिशवाले काका आले, त्यांनी नखाने फिक्कट पट्टा खरवडला, वास घेतला, आणि म्हणाले, "हे साग नाही. लिंब आहे." सुताराला साग कमी पडलं असेल, मग कडुलिंबाचं दार करून गेरू घातलेल्या पॉलिशने सागासारखं रंगवलेलं. लाखेवर लाख चढते, जुन्यात नवी मिसळते, म्हणून तासाभरात त्यांनी गेरू घातलेलं पॉलिश चढवून पट्टा बुजवला. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या मेथी निवडत होत्या, मान खाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आक्काले काई सांगू नको," एवढंच म्हणाल्या.

अखाजीला आक्का आल्या. बोट फिरलं, वरच्या चारही दारांवरून, मग खाली. लिंबाच्या दारापाशी जरा जास्त थांबलं. "बघ," मला म्हणाल्या, "सातपुड्याचं सागवान, अजून कसं चकचकीत शे!" सासूबाईंनी लगेच त्यांना सांजोरीचं ताट पुढे केलं.