कोन चुकलाच तर खालच्या बाजूला चुकावा

आजची नोंद फक्त सुरीला दगडावर धार लावतानाच्या कोनाची. दगड कितीचा घ्यावा, पोलाद कुठलं चांगलं, पाणी वापरावं की तेल, यांवर भरपूर बोललं जातं. पण हाताने धार लावताना सुरी कापती होणार की नाही, हे पातं दर फेरीला दगडावर त्याच कोनात टेकतंय का यावर ठरतं. एका बाजूला १५ अंश की १७ अंश, याने स्वयंपाकघरातल्या सुरीला फारसा फरक पडत नाही. १५ धरून हात १२ ते १९ मध्ये हलत राहिला तर मात्र पडतो.

यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते: कोन खाली घसरणं आणि वर चढणं या सारख्या चुका नाहीत. धार म्हणजे दोन बाजूंचे उतार मिळतात ती रेघ. पातं ३ अंश जास्त झोपलं तर दगड उताराच्या वरच्या काठाला घासतो, धारेपर्यंत पोचतच नाही. थोडा धातू गेला, थोडा वेळ गेला, संपलं. पातं ३ अंश जास्त उभं राहिलं तर दगड थेट त्या रेघेवरच चढतो आणि आधीच्या वीस चांगल्या फेऱ्यांची कमाई एका फेरीत गोल करून टाकतो. म्हणजे धारेला मिळणारा कोन हा सगळ्या फेऱ्यांची सरासरी नसतो, सर्वांत उभ्या फेऱ्याच तो ठरवतात. मन लावून तासभर घासूनही सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरते ती बहुतेक यामुळेच. म्हणून शंका आली की पात्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची कड, किंचित खाली घ्यावी.

अंश डोळ्यांना दिसत नाहीत, उंची दिसते. पात्याची रुंदी गुणिले कोनाचा साइन, एवढी पाठ दगडापासून वर हवी. ४५ मिमी रुंद पात्याला १५ अंशांसाठी साधारण ११.५ मिमी, २० अंशांसाठी १५.५ मिमी. तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा पाठीखाली ठेवायचा, कोन नीट पाहून घ्यायचा, हाताला कळू द्यायचा आणि तुकडा काढून टाकायचा. तो सतत खाली ठेवून घासण्यात अर्थ नाही. टोकाजवळ पातं २५ मिमीच उरलं असेल, तर तिथे तीच ११.५ मिमी उंची २७ अंशांहून थोडा जास्त कोन देते. तिथे १५ अंशांना साडेसहा मिमी पुरतात.

सुरीचा आधीचा उतार ठीक असेल तर मोजण्याचीही गरज नाही. पातं दगडावर सपाट ठेवून पाठ हळूहळू उचलत जायची. उतार दगडावर बसला की धारेच्या पुढे पाण्याची बारीक रेघ ढकलली जाते. ती दिसली की थांबायचं.

मार्करची परीक्षा मात्र कधीच टाळू नये. दोन्ही उतारांवर मार्करची शाई फासायची, हलक्या हाताने दोन फेऱ्या मारायच्या आणि उजेडात बघायचं. वरच्या काठाचीच शाई गेली तर पातं जास्त झोपलंय. धारेलगतचीच गेली तर जास्त उभं आहे. पूर्ण उतार स्वच्छ झाला तर कोन बसला. मधेमधे ठिपके उरले तर हात डुलतोय. दर काही फेऱ्यांनी पुन्हा शाई लावावी, कारण हात दमला की कोन कळत-नकळत बदलतो.

आता हाताविषयी. मनगट अजिबात वळू द्यायचं नाही, हालचाल कोपर आणि खांद्यातून यायला हवी. दगड कमरेच्या उंचीवर, खाली ओलं फडकं, म्हणजे तो सरकत नाही. मूठ धरलेल्या हाताची तर्जनी पाठीवर, अंगठा पात्याच्या सपाट भागावर. दुसऱ्या हाताची दोन-तीन बोटं धारेजवळ, पण दगडाच्या बरोबर वर. ही बोटं पाठीकडे सरकली की दाबाने पाठ खाली जाते आणि कोन गळतो. पातं पुढे-मागे नेताना कोन सर्वांत जास्त बिघडतो तो दिशा बदलताना. त्यामुळे सुरुवातीला दाब फक्त एकाच दिशेला द्यावा, धार मागे ठेवून ओढताना, आणि परत नेताना पातं नुसतं टेकलेलं ठेवावं. लांब फेरीपेक्षा ६-८ सेंमीची फेरी बरी. पात्याचे टाच (मुठीकडचं टोक), मध्य आणि टोक असे तीन भाग करून एकेक भाग पुरा करावा.

टोकाची वळलेली धार सगळ्यांनाच त्रास देते. तिथे मूठ जराशी वर उचलावी लागते, नाहीतर टोक दगडाला लागतच नाही. पण उचलायची ती मूठ. पाठ तिरकी करून टोक गाठायला गेलं की कोन चढतो आणि टोक बोथट होतं.

एका बाजूने धार पुरी झाली हे ओळखायची खूण म्हणजे बर, पलीकडच्या बाजूला वळलेली धातूची अगदी पातळ कड. बोट पाठीकडून धारेच्या बाहेर सरकवून ती चाचपावी, धारेच्या लांबीने बोट कधीच फिरवू नये. टाचेपासून टोकापर्यंत सलग बर लागल्याशिवाय बाजू बदलू नये. १००० नंबरच्या (मध्यम दाण्याच्या) दगडावर सुरुवातीला साधारण किलोभर दाब ठीक, शेवटी तो शे-दोनशे ग्रॅमवर आणावा. दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून एकदा हे करून पाहावं, आपण किती दाबतो ते लगेच कळतं. बर काढताना बाजू आलटून पालटून एकेक हलकी फेरी, त्याच कोनात. बर झटपट निघावी म्हणून पाठ उचलायचा मोह इथेच होतो आणि नुकसानही इथेच होतं.

दोन्ही उतारांची रुंदी ताडून पाहावी. धारेमागे पातं ०.४ मिमी जाड असेल तर १५ अंशांचा उतार पाऊण मिलिमीटरहून थोडा जास्त रुंद दिसतो, २० अंशांचा ०.६ मिमीच्या आत. एक बाजू रुंद आणि दुसरी अरुंद दिसली तर दोन बाजूंना कोन वेगळे पडताहेत.

हात स्थिर असूनही शाई वेडीवाकडी निघत असेल तर दगड तपासावा. २०० मिमी लांबीचा दगड मध्ये १ मिमी खचला, तर दोन्ही टोकांशी त्याचा पृष्ठभाग साधारण एकेक अंशाने तिरका होतो, म्हणजे एकाच फेरीत २ अंशांचा फरक. पेन्सिलीने दगडावर चौकटी आखाव्यात आणि तो काचेवर चिकटवलेल्या जाड्या दाण्याच्या वॉटर पेपरवर (ओल्यात चालणाऱ्या घासकागदावर) पाणी घालून घासावा, शेवटची रेघ पुसेपर्यंत. मधल्या रेघाच मागे राहतात. त्या गेल्या की दगड सपाट झाला.