रुग्णवाहिका येईपर्यंतचे सहा तास

प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स बहुतेक भटक्यांनी कधी ना कधी केलेला असतो. पुतळ्याच्या छातीवर दाब देऊन झालेला असतो, त्रिकोणी पट्टीची झोळी बांधून झालेली असते, प्रमाणपत्र घरात कुठेतरी पडलेलं असतं. त्यात शिकवलेलं चुकीचं नसतं. पण तो सगळा अभ्यासक्रम एका गृहीतकावर उभा असतो, ते म्हणजे फोन केला की थोड्याच वेळात रुग्णवाहिका दारात येणार. डोंगरात साधा घोटा मोडला तरी जखमी माणूस रस्त्याला लागेपर्यंत पाच-सहा तास सहज जातात. त्या तासांत काय करायचं, हे त्या कोर्समध्ये नसतंच.

दुर्गम भागासाठीचे कोर्स वेगळे असतात. छोटा, म्हणजे वाइल्डरनेस फर्स्ट एड, साधारण दोन दिवसांचा, १६ तासांचा. मोठा, वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर, ७० ते ८० तासांचा, आठ-दहा दिवस चालतो. इतरांना घेऊन जाणाऱ्या लीडरने मोठा कोर्स करावा, आणि ग्रुपमधल्या आणखी दोघांनी तरी छोटा. एकालाच सगळं येत असेल आणि नेमका तोच पडला, तर बाकीचे फक्त त्याच्याकडे बघत बसतात.

या कोर्समधला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे तपासणीचा क्रम. कोणी पडलं की पहिली ओढ असते धावत जाण्याची. तिथेच थांबायचं. वरून दगड अजून येतायत का, पडलेला माणूस कड्याच्या किती जवळ आहे, आपण स्वतः दोराला बांधलेले आहोत का, हे बघायचं, हातमोजे चढवायचे आणि मगच जवळ जायचं. मग क्रमाने: जोरदार रक्तस्राव, श्वासमार्ग, श्वास, नाडी, शुद्ध. पडल्यामुळे मान किंवा पाठ दुखावली असण्याची शक्यता असेल तर हे होईपर्यंत दुसऱ्याने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवायचं. यातून जीवघेणं काही निघालं नाही, की डोक्यापासून पायापर्यंत हाताने चाचपणी, आणि तीही कपड्यांच्या आतून. विंडचिटरवरून रक्त दिसत नाही. सगळ्यात जास्त वेळा राहून जाते ती पाठ, कारण माणूस उताणा पडलेला असतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वाकडा झालेला हात बघून सगळे त्याच्यावरच तुटून पडतात आणि पोटाला हात कोणी लावतच नाही.

चाचपणी झाली की वही-पेन्सिल काढायची. पेन्सिलच, पेन पावसात लिहीत नाही. दर १५ मिनिटांनी, आणि प्रकृती बिघडत असेल तर दर ५ मिनिटांनी, वेळ घालून नोंद करायची. ती अशी दिसते:

११:२० – पूर्ण शुद्धीत, नाडी ८८, श्वास १६, त्वचा कोमट व कोरडी.
११:३५ – शुद्धीत, नाडी १०४, श्वास २०, चेहरा फिका.
११:५० – अस्वस्थ, नाडी १२०, श्वास २६, त्वचा थंड व चिकट.

सुट्या आकड्यांना फारसा अर्थ नाही. घाबरलेल्या निरोगी माणसाची नाडीही १०४ असू शकते. पण घाबरलेल्याची नाडी पंधरा-वीस मिनिटांत खाली यायला लागते. इथे ती चढतच चालली आहे आणि बाहेर रक्ताचा थेंब नाही, म्हणजे आत कुठेतरी रक्तस्राव होतोय असं धरून चालायचं आणि त्याला लवकरात लवकर खाली हलवायचं. हा निर्णय वहीतल्या तीन ओळींवरून होतो, आणि पुढे डॉक्टरलाही त्याच ओळी हव्या असतात. नाडी निदान ३० सेकंद मोजून दुप्पट करा. गारठलेल्या मनगटाला ती लागली नाही तर मानेला बघा.

रक्तस्रावावर पहिला उपाय थेट दाब, जखमेच्या नेमक्या जागी, अंगाचा भार देऊन, सलग १० मिनिटं. घड्याळ लावून. दोन-दोन मिनिटांनी कापड उचलून ‘थांबलं का’ बघितलं की धरायला लागलेली गुठळी निघून येते. हातापायातून उसळणारं रक्त दाबाने थांबत नसेल तर टूर्निके, म्हणजे रक्तपुरवठा थांबवणारी आवळपट्टी: जखमेच्या पाच ते आठ सेंटीमीटर वर, सांध्यावर कधीच नाही, आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत घट्ट. याने भयंकर दुखतं, आणि दुखतं म्हणून लोक तो अर्धवट सैल ठेवतात. तेव्हा वरवरच्या शिरा बंद होतात, खोलवरची धमनी चालूच राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो. बुटाची लेस किंवा बारीक दोरी याच कारणाने निरुपयोगी, पट्टी निदान चार सेंटीमीटर रुंद हवी. लावल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर ठळक लिहा. मध्येमध्ये सैल करून ‘रक्त जाऊ द्या’ हा जुना सल्ला आता कोणी देत नाही.

घोट्यापाशी मात्र बऱ्याचदा उगाच घबराट होते. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचं खालचं टोक आणि मागची कड बोटाने दाबून बघा. तसंच करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवरचा उंचवटा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यांपैकी कुठेच हाडावर दुखत नसेल आणि लंगडत का होईना चार पावलं टाकता येत असतील, तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. क्रेप बँडेज गुंडाळा, सामान इतरांत वाटून टाका, काठी द्या आणि सावकाश उतरा. चार पावलं टाकता येत नसतील तर मोडलंय असं धरून स्प्लिंट, म्हणजे हाड हलू न देणारा आधार, बांधा. कॅरीमॅटचा (झोपायच्या फोमच्या चटईचा) तुकडा यासाठी उत्तम: पायाला यू आकारात वळवायचा, पोकळ जागा कपड्यांनी भरायच्या, वर-खाली पट्ट्या बांधायच्या. बांधण्याआधी आणि बांधल्यावर बोटांचा रंग, स्पर्श कळतोय का आणि बोटं हलतायत का, हे तिन्ही बघा. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. पुढे सूज वाढते आणि तासापूर्वी नीट असलेली पट्टी आवळायला लागते, म्हणून हे तपासणं अर्ध्या तासाने पुन्हा, आणि वाटभर.

माणूस उचलून न्यायचा असेल तर हिशोब आधी करा. स्ट्रेचरला एका वेळी सहा ते आठ जण लागतात, खडकाळ उतारावर ते काही मिनिटांतच दमतात, आणि बदली माणसं नसतील तर तुम्ही कुठेच पोहोचत नाही. सहा जणांच्या ग्रुपने बहुतेक वेळा जागेवरच आडोसा करून थांबावं आणि दोघांना मदतीसाठी पाठवावं.

थांबायचं ठरलं की खरा शत्रू थंडी. बर्फ लागतोच असं नाही. भिजलेले कपडे आणि वारा असेल तर १५ अंशांतही हायपोथर्मिया होतो, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायक खाली जातं, आणि जखमी माणूस हालचाल करत नसल्याने सगळ्यात आधी तोच गार पडतो. लोक त्याच्या अंगावर तीन जॅकेटं घालतात आणि खाली मात्र ओली जमीन तशीच. निम्मी मेहनत खालच्या बाजूला घाला: प्लास्टिक, त्यावर दोन कॅरीमॅट, मोकळ्या केलेल्या सॅक, दोर पसरून. ओले कपडे काढा, कोरडे चढवा, स्लिपिंग बॅग, आणि सगळ्यावरून प्लास्टिकची किंवा फ्लायशीटची (तंबूवरच्या कापडाची) घट्ट गुंडाळी, फक्त चेहरा उघडा. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून छातीपाशी आणि काखेत द्या. उघड्या बाटलीने कातडी भाजते. हुडहुडी भरलेला, नीट बोलणारा माणूस असेल तर गोड आणि गरम पाजा, आणि निदान अर्धा तास उभं करू नका. हुडहुडी थांबली, बोलणं अडखळायला लागलं, तर ती सुधारणा समजू नका. तो आता धोक्यात आहे. त्याला आडवाच ठेवायचा, अलगद हाताळायचा, कारण गार पडलेलं हृदय धक्क्यानेही बेताल होतं. हातपाय चोळायचे नाहीत, दारू द्यायची नाही. नाडी लागत नाही असं वाटलं तर पूर्ण एक मिनिट शोधा. १९९९ साली नॉर्वेत बर्फाखालच्या ओढ्यात अडकलेली ॲना बोगनहोल्म शरीराचं तापमान १३.७ अंशांवर गेल्यावरही वाचली, तेव्हा गारठलेल्या माणसाला मेला म्हणून सोडून देण्याची घाई नको.

वीज पडून अनेक जण कोसळले तर आधी निपचित पडलेल्यांकडे जा. ओरडणारा श्वास घेतोय. निपचित पडलेल्याचं हृदय कित्येकदा पुन्हा चालू होतं पण श्वास अडकलेला राहतो, आणि वेळेत दिलेल्या तोंडाच्या श्वासाने तो वाचू शकतो. अंगात वीज उरत नाही, हात लावायला भिऊ नका. मधमाश्या चावून अंगभर गांध्या, आवाज घोगरा, श्वास जड असं झालं तर उपाय एकच, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. उंचीवर डोकेदुखीसोबत कोणाला सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालता येईना, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच उतरवा. आणि साप चावल्यावर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काहीही करू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि प्रतिविष मिळेल तिथे चला.

मेडिकल किटबद्दल एवढंच की कोर्सआधी किट घेऊ नये. शिकलेल्याच्या किटमध्ये गोळ्या कमी आणि गॉझ, रुंद चिकटपट्टी, दोन क्रेप बँडेज, मजबूत कात्री, हातमोजे, जखम धुवायला मोठी सिरिंज जास्त असते. जखम धुवायला पिण्याचं स्वच्छ पाणी चालतं, पण अर्धा ते एक लिटर, आणि जोराने. वर बेटाडीनचे दोन थेंब टाकल्याने आतली माती निघत नाही.

प्रमाणपत्र दोन-तीन वर्षं चालतं. हात मात्र त्याआधीच विसरतो. छातीवर दाब देण्याचं कौशल्य तीन ते सहा महिन्यांत घसरायला लागतं: मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, ३० दाबांमागे दोन श्वास, हे आकडे पाठ असतात पण वेग आणि खोली जाते. म्हणून दर काही महिन्यांनी ट्रेकवरच अर्धा तास काढा. काय लागलंय ते लिहिलेली चिठ्ठी गुपचूप घेऊन एकाने ‘पडायचं’, लीडरने बाजूला बसायचं. हे अंधारात, पावसात, हातमोजे घालून आणि सॅकमध्ये असेल तेवढ्याच सामानात करा. स्लिपिंग बॅग सॅकच्या तळाशी आहे आणि कात्री कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नाही, हे असल्या सरावातच उघडं पडतं.

मदतीला जाणाऱ्या दोघांच्या हातात लेखी चिठ्ठी द्या. तोंडी निरोप तासाभराच्या उतारात बदलतो. त्यात जागेचे अक्षांश-रेखांश, अपघाताची वेळ, जखमींची संख्या आणि वय, काय झालंय, शेवटची नोंद, काय उपचार केले, मागे किती जण आहेत आणि त्यांच्याकडे अन्न, पाणी, निवारा किती, एवढं हवं. मागे थांबलेल्यांनी शिट्टीने किंवा टॉर्चने मिनिटात सहा खुणा द्यायच्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. समोरून मिनिटात तीन आल्या की कोणीतरी ऐकलंय.